शिवणयंत्रापासून खारघरपर्यंत: कोकणातल्या नवख्यांसाठी फॅशनच्या कामाची वाट

अंगातला शर्ट काढा, उलटा करा आणि खिडकीजवळ धरून बघा. खांद्याची शिवण, मुंढ्याला मारलेली ओव्हरलॉक, कॉलरच्या आतलं कडक बकरम, काज, बटण, मानेजवळचं लेबल, बगलेत शिवलेली धुण्याच्या सूचनांची बारीक पट्टी. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी ठरवली, कोणीतरी विकत आणली, कोणीतरी शिवली आणि कोणीतरी तपासली. शर्टाचं चित्र काढणारा त्या रांगेत एकटा. बाकीची माणसं पगार घेतात, धंदा करतात, घर चालवतात. त्यांची नावं मासिकात छापून येत नाहीत एवढंच. फॅशनमध्ये काम शोधायला निघालेल्या मुलामुलींनी ती पूर्ण रांग बघायची आहे. चित्र काढणाऱ्याच्या एका खुर्चीसाठी हजारो उमेदवार असतात आणि पॅटर्न मास्तर मात्र शोधूनही मिळत नाही.

कोकणाला कापड नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले कितीतरी हात जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, म्हणजे सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा होण्याआधीच्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यानंतर ते दिवस संपले. पण ज्या घरात आजोबा साचेखात्यात होते त्याच घरात नातीने फॅशनचं नाव काढलं की ‘शिवणकाम शिकान काय होवचा आसा?’ असं विचारतात, याची मला नेहमी गंमत वाटते. त्या प्रश्नाला उत्तर आहे. फक्त ते टप्प्याटप्प्याने शोधावं लागतं.

पायरी पहिली: कोर्सच्या आधी मशीन

संस्थेचं माहितीपत्रक मागवण्याआधी कोणाच्या तरी पडवीतल्या मशीनवर बसा. आईची असेल, शेजारच्या काकूंची असेल, गावातल्या शिंप्याची असेल. पायमशीन असेल तर उत्तमच. पायाचा आणि हाताचा मेळ बसला की पुढे कारखान्यातली पॉवर मशीन अंगावर येत नाही. सुरुवातीचे दिवस दोऱ्याशिवाय वहीच्या रेघी पानावर सरळ टीप मारा, मग कोपरे, मग गोल. पानावरची भोकं रेघेवर पडली की तुमचं काम तुम्हालाच दिसतं, कोणी सांगायला लागत नाही.

मग एक जुना ब्लाउज किंवा शर्ट घ्या आणि ब्लेडने सावकाश उसवा. प्रत्येक तुकडा इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवा, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवा, उभा धागा कुठल्या दिशेला आहे तिथे बाण काढा. एका उसवलेल्या ब्लाउजने डार्ट (आकार येण्यासाठी घातलेला चिमटा), मुंढा, गळ्याची पट्टी आणि शिवणीसाठी सोडलेली माया, म्हणजे जास्तीचं कापड, इतकं सगळं कळतं, की कित्येक महागड्या कोर्सांचं पहिलं सत्र तुम्ही घरीच संपवता. तेच तुकडे नव्या कापडावर ठेवून पुन्हा शिवा. पहिला ब्लाउज कोणाला बसणार नाही. का बसला नाही ते शोधण्यातच शिक्षण आहे.

तिसरं काम चिंध्या जमवण्याचं. गावातल्या शिंप्याकडे त्या पोत्याने पडलेल्या असतात. प्रत्येक जातीचा एक तुकडा वहीत चिकटवा आणि शेजारी लिहा: सुती की मिश्र, पन्हा किती, धुतल्यावर किती आटलं. ओळख पटवायची असेल तर दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळून बघा, शेजारी पाण्याची बादली ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राखाडी, मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. दुकानदार ‘प्युअर सिल्क’ म्हणून काय गळ्यात मारतोय हे ज्याला चिमटीत कळतं, त्याला या धंद्यात कोणी सहज फसवत नाही.

चित्रकला येत असेल तर शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय ग्रेड परीक्षा देऊन टाका. येत नसेल तर घाबरून मागे फिरू नका. पुढे सांगितलेल्या निम्म्याहून अधिक कामांना सुबक चित्र लागतच नाही.

पायरी दुसरी: रांगेतली जागा ओळखा

सगळ्यात आधी पॅटर्न मास्तर. डिझायनरने काढलेल्या चित्रावरून कागदाचे खाके कापायचे आणि मग एका मापावरून लहान-मोठी सगळी मापं काढायची. या मापं वाढवण्या-घटवण्याच्या कामाला ग्रेडिंग म्हणतात. आता हे बरंचसं संगणकावर, गर्बर किंवा लेक्ट्रासारख्या सॉफ्टवेअरवर होतं, पण ज्याने हाताने खाका कापलेला नाही त्याच्या पडद्यावरच्या रेषाही चुकतात. ज्यांना शाळेत भूमिती आवडायची, सुतारकामात किंवा रांगोळीत मापाची समज दिसायची, त्यांनी ही जागा गंभीरपणे घ्यावी. खाका एक सूतभर चुकला तर कापणीच्या टेबलावर थर लावलेलं शेकडो कपड्यांचं कापड वाया जातं, म्हणून चांगल्या मास्तरला मालक सहसा सोडत नाही.

मग मर्चंडायझर. हे नाव ऐकून दुकानातला विक्रेता डोळ्यांसमोर येतो, तसं नाही. परदेशातल्या किंवा मोठ्या ब्रँडच्या खरेदीदाराने समजा 3000 शर्टांची ऑर्डर दिली. कापड कधी येणार, रंगाचा नमुना म्हणजे लॅब डिप मंजूर झाला का, बटणं कुठून, पहिला सॅम्पल कोणी तपासला, माल बंदरावर कोणत्या तारखेला, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि एक्सेलच्या तक्त्यात असतं. तो मर्चंडायझर. बी.कॉम. झालेली, हिशोबाला पक्की आणि चार लोकांकडून गोड बोलून काम करवून घेणारी मुलं-मुली यात छान जमतात. घरात लग्नाचं किंवा वाडीतल्या पूजेचं सामान वेळेत आणायची जबाबदारी नेहमी तुमच्यावरच पडत असेल, तर तुम्ही अर्धे मर्चंडायझर आहातच.

क्वालिटी तपासनीस हे तिसरं मोठं दार. गठ्ठ्यातून ठराविक नमुने काढायचे, टेपने मापं घ्यायची, सुटलेली टीप, डाग, रंगातला फरक शोधायचा आणि माल पास की नापास ते सही करून सांगायचं. त्या सहीवर दबाव येतो, म्हणून डोळ्याइतकाच कणा लागतो.

बाकीची झटपट: कापडावरची नक्षी आणि विणीची रचना करणारा टेक्स्टाइल डिझायनर; दुकानातली मांडणी बघणारा व्हिज्युअल मर्चंडायझर; फोटो-शूटसाठी कपडे जुळवणारा स्टायलिस्ट; ऑनलाइन दुकानांसाठी कपड्यांचे फोटो आणि वर्णनं तयार करणारे कॅटलॉगवाले; मालिका-नाटकांच्या वेशभूषेतले मदतनीस; आणि शिकवणारे. शेवटची वाट लोक विसरतात. आयटीआय झाल्यावर निदेशकांसाठीचा सीआयटीएस हा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला की आयटीआयमध्ये शिकवण्याची पात्रता येते, आणि घराजवळ स्थिर पगार हवा असणाऱ्यांसाठी ती वाईट वाट नाही.

मॉडेलिंगबद्दल एवढंच: पोर्टफोलिओसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘ग्रूमिंग’साठी आधी पैसे मागणारी एजन्सी दिसली की तिथून निघा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

पायरी तिसरी: शिकायचं कुठे

खिशात पैसे कमी आणि हातात वेळ कमी असेल तर आयटीआय. सुईंग टेक्नॉलॉजी, ड्रेस मेकिंग, फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी असे एकेक वर्षाचे व्यवसाय आहेत. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये सगळे असतीलच असं नाही, तेव्हा दहावीचा निकाल लागण्याआधीच चौकशी करून ठेवा. प्रवेशाची ऑनलाइन फेरी निकालामागोमाग सुरू होते. ‘आयटीआय म्हणजे वेल्डिंग’ एवढीच समजूत असलेल्या पालकांना तिथे एकदा घेऊन जा.

त्याहूनही छोटी सुरुवात हवी असेल तर जिल्ह्याची अग्रणी बँक चालवते ती आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. तिथे शिवणकामाचे साधारण महिनाभराचे वर्ग मोफत असतात आणि संपल्यावर कर्जाची फाइल कशी करायची तेही शिकवतात. घरातून बाहेर पडायला ज्या बाईला आजवर निमित्त मिळालं नाही, तिच्यासाठी हे निमित्त पुरेसं आदरणीय असतं.

दहावीनंतर तीन वर्षं देता येत असतील तर ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगची पदविका बघा. मुंबईत जुहूला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निकमध्ये मुलींसाठी ती आहे. हे विद्यापीठ 1916 साली उभं करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या दापोलीजवळच्या मुरूडचे. तेव्हा ‘एवढ्या लांब मुलीला कसं पाठवू’ म्हणणाऱ्यांना त्यांचं नाव सांगून बघायला हरकत नाही. कापडाच्या तांत्रिक बाजूची ओढ असेल तर माटुंग्याचं व्हीजेटीआय, वरळीचं सासमिरा आणि घाटापलीकडे इचलकरंजीचं डीकेटीई ही नावं लक्षात ठेवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्यांना इचलकरंजी मुंबईपेक्षा जवळ आहे आणि ते गाव सगळंच्या सगळं मागावर चालतं. वर्गाबाहेर पाऊल टाकलं की कारखाना.

आणि निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने 1986 साली दिल्लीत सुरू केली, 2006 च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. मुंबईचा कॅम्पस खारघरला आहे. कोकण रेल्वेने पनवेलला उतरायचं आणि हार्बरची लोकल पकडली की तिसरं स्टेशन. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी बी.डेस. या चार वर्षांच्या पदवीला बसता येतं; फॅशन, टेक्स्टाइल, निटवेअर, लेदर, ॲक्सेसरी, फॅशन कम्युनिकेशन असे त्याचे फाटे आहेत. गणित घेऊन बारावी केलेल्यांसाठी बी.एफ.टेक. आहे. ते कारखान्यातल्या उत्पादनाचं शिक्षण. चित्र न येणाऱ्या हुशार मुलांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

बी.डेस.च्या प्रवेशात सामान्य क्षमतेची आणि सर्जनशीलतेची अशा दोन लेखी परीक्षा असतात. त्या पार केलेल्यांना सिच्युएशन टेस्ट द्यावी लागते: समोर काही साहित्य ठेवतात, विषय देतात आणि ठरलेल्या वेळात हाताने वस्तू करायला सांगतात. शहरातली मुलं यासाठी शिकवण्या लावतात. कोकणातल्या ज्या मुलाने दरवर्षी पुठ्ठा, बांबू, सुतळी आणि जुन्या साड्यांतून गणपतीचं मखर केलंय, चतुर्थीच्या आदल्या रात्री गोंद संपल्यावर तोड काढलीय, त्याने या परीक्षेची तयारी न कळत केलेली असते. त्या मखरांचे फोटो जपून ठेवा. अर्ज साधारणपणे हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा वर्षाच्या सुरुवातीला होते, म्हणजे बारावीच्या ऐन धामधुमीत. हे आधी माहीत नसल्यामुळे दरवर्षी कितीतरी मुलांचं वर्ष हुकतं.

निफ्टची फी चार वर्षांची मिळून लाखांत जाते. आर्थिक मदतीची योजना आहे, कारागिरांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी प्रवेशाची स्वतंत्र सोयही आहे. त्यासाठी हस्तकला विकास आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्र लागतं. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) घराण्यातली किंवा सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्या घरातली मुलं असतील तर त्यांनी हे कार्ड आजच काढून घ्यावं.

नावाशी साधर्म्य असलेल्या खासगी संस्थांपासून जरा जपून. सगळ्या वाईट नसतात. काही ठिकाणी उत्तम मास्तर शिकवतात. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: पदवी कोणत्या विद्यापीठाची, मागच्या तुकडीतल्या किती जणांना कुठे काम लागलं, आणि मध्येच सोडलं तर फी परत किती. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणारा माणूस या तिसऱ्या प्रश्नावर हमखास विषय बदलतो. शिवाय मशीनची खोली दाखवा म्हणा. विद्यार्थी चाळीस आणि मशीन सहा असतील तर तुम्ही खुर्चीत बसून फॅशनचा इतिहास ऐकणार आहात.

पायरी चौथी: मुंबईला जायचं ठरलं तर

जाण्याआधी बाजार फिरून घ्या. कापडासाठी मंगलदास आणि मुळजी जेठा मार्केट, लेस-बटणं-खड्यांसाठी भुलेश्वर, दादरला हिंदमाता. जीन्ससाठी उल्हासनगर, यंत्रमागांसाठी भिवंडी. पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका, भाव फक्त वहीत लिहा. एकाच कापडाचा किरकोळ भाव आणि ठोक भाव यांत किती अंतर असतं हे कळलं, की पुढे स्वतःच्या मालाची किंमत लावताना हात थरथरत नाही.

पोर्टफोलिओत दहा-बारा कामं पुरेत, पण प्रत्येकाची वाट दिसू द्या: कच्चं चित्र, खाका, पहिला बिघडलेला नमुना, दुरुस्ती, शेवटचा कपडा. इंटरनेटवरून उचललेली छान छान चित्रं मुलाखत घेणाऱ्याने आधीच पाहिलेली असतात. त्याला तुमचा बिघडलेला नमुना जास्त आवडतो.

मराठी माध्यमाची भीती बाळगू नका, पण तयारी करा. टेकपॅक, म्हणजे कपड्याची मापं आणि सूचना असलेला कागद, इंग्रजीतच असतो. त्यात येणारे शब्द मात्र मोजके आणि पुन्हा पुन्हा तेच. महिनाभरात पाठ होतात. एक्सेल त्याहून महत्त्वाचं. आणि मास्तर-कारागिरांशी हिंदीत नीट, आदराने बोलता आलं पाहिजे. नुकत्या पास झालेल्या पोराने वीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला ‘अरे’ केलं की त्याचा सॅम्पल कधीच वेळेत होत नाही.

इंटर्नशिप घेताना मानधन आहे का, कामाचे तास किती, रात्री उशीर झाला तर घरी सोडण्याची सोय कोण करणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. डोंबिवलीला मामाकडे किंवा विरारला आत्याकडे राहणार असाल तर लोकलचे दोन-दोन तास त्यात धरा. मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर होजियरीसाठी तामिळनाडूतलं तिरुपूर आणि तयार कपड्यांसाठी बेंगळुरू, नोएडा, गुरुग्राम इथे कारखान्यांतल्या जागा पुष्कळ असतात. उत्पादन शिकलेल्यांनी नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं तिथे काढायला काहीच हरकत नाही.

पायरी पाचवी: गावीच राहायचं असेल तर

इथे मला थोडं जास्त सांगायचंय, कारण गावी राहून फॅशन म्हणजे ब्लाउज आणि फॉल-पिको एवढंच, असं सगळे धरून चालतात. फॉल-पिकोने चूल पेटते, त्याला नावं ठेवू नका. पण त्यापलीकडची कामं कोकणात आहेत आणि त्यातली बरीचशी फक्त इथेच मिळतात.

गणपतीच्या मूर्तीला खऱ्या कापडाचं पितांबर, शेला आणि फेटा नेसवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. पेण-हमरापूरच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मूर्ती असोत की गावच्या गणेशशाळेतल्या, हे काम नाजूक हाताच्या माणसाला हंगामभर पुरतं. मूर्तीच्या उंचीप्रमाणे निऱ्यांची मापं एकदा ठरवून खाके करून ठेवले की वेग येतो. गणेशशाळेशी बोलणी पावसाच्या आधी करा; आषाढात गेलात तर त्यांनी माणूस ठरवलेला असतो.

शिवलेली नऊवारी हा दुसरा भक्कम धंदा. लग्न, मंगळागौर, शाळेचं गॅदरिंग, नाच, सगळीकडे ती लागते आणि नेसवता येणाऱ्या बायका कमी होत चालल्यात. कमर, सीट आणि उंची ही मापं, काष्ट्याची खोली आणि बसल्यावर ओढ न येणं, यावर सगळं आहे. गिऱ्हाइकाला नेसवून जमिनीवर मांडी घालून बसायला लावा आणि मगच माल द्या. कोणी आजीची भारी साडी कापायला आणली तर ‘कापण्यास संमती’ एवढं वहीत लिहून सही घ्या.

प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी अलिबागपासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्यांवर जोडपी येतात. त्यांना वाऱ्यावर उडणारे लांब घेराचे गाऊन भाड्याने लागतात. पाठीमागे चेनऐवजी लुप आणि नाडी ठेवली तर एकच गाऊन निरनिराळ्या अंगांना बसतो. अनामत रक्कम घ्या, आणि खाऱ्या पाण्यातून परत आलेला गाऊन त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढा, नाहीतर जरीचा रंग जातो. किल्ल्यात शूट असेल तर सिंधुदुर्ग, जंजिरा ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे व्यावसायिक चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा कपडेवाला त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

दशावतारी मंडळं आणि नमन-खेळे यांचे वेष हेही फॅशनचंच काम आहे, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही. राजाचा अंगरखा, संकासुराचा काळा वेष, रात्रभर घाम शोषून पुन्हा दुसऱ्या जत्रेला उभा राहणारा कपडा शिवणं सोपं नसतं. इथे पैसे बेताचे मिळतात, पण ज्याला पुढे नाटक-मालिकांच्या वेशभूषेत जायचंय त्याच्या पोर्टफोलिओत दशावताराचं एक काम दहा गाऊनांवर भारी पडेल.

पर्यटकांसाठीचे हलके सुती शर्ट, होमस्टेच्या चादरी-पिशव्या, हॉटेल आणि दवाखान्यांचे गणवेश, शाळांचे गणवेश: यात नाव नाही पण ठोक काम आहे. बचत गटाच्या चार-पाच मशीन एकत्र आल्या की शाळेची ऑर्डर पेलते.

नैसर्गिक रंगांचं आकर्षण हल्ली सगळ्यांना आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगते. चिपळूण भागात तयार होणाऱ्या खैराच्या कातापासून सुती कापडावर सुंदर, टिकाऊ तपकिरी छटा येते. आधी कापड उकळून खळ काढायची, हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटी, मग रंग. हा क्रम मोडला तर रंग धरत नाही. कोकमाचा रंग मात्र बघूनच समाधान मानण्यातला: साबण लागला की तो बदलतो. हळदीचा उन्हात उडतो. ‘कोकमात रंगवलेला स्टोल’ म्हणून विकून गिऱ्हाइकाची पहिली धुलाई झाली की तुमचं नाव त्या रंगाबरोबरच जाईल. शिवाय जून ते सप्टेंबर इथे रंगवलेलं कापड वाळत नाही. हा धंदा तुळशीच्या लग्नानंतर सुरू करायचा आणि मृगाआधी आवरायचा.

पिंगुळीची चित्रकथी कापडावर आणायची असेल तर आधी पिंगुळीला जा. ठाकर समाजाची ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री जाहीर झाली. कलाकाराकडून चित्र विकत घ्या, किती नगांवर छापणार ते लिहून द्या, लेबलवर त्याचं नाव घाला. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या ब्रँडने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता आणल्या तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. 2019 पासून भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूचं ते झालं. गावातल्या कलेचं तेच आपण करायचं नाही.

शेजारी गोव्यात बघा. कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स आधी मस्कतला खानपान सेवेत नोकरी करत होते, मग फॅशन शिकले, गावी परतले आणि विस्मरणात चाललेल्या कुणबी साडीला त्यांनी पुन्हा मागावर चढवलं. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सावंतवाडीहून कोलवाळ काही लांब नाही.

पायरी सहावी: पैसा आणि कागद

शिवणकाम आधीपासून करणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. 17 सप्टेंबर 2023 पासून सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला मिळते, तेव्हा घरात आधी बोलून घ्या. त्याशिवाय मुद्राचं शिशु कर्ज 50,000 पर्यंत आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला हात जोडा. बचत गटात असाल तर ‘उमेद’, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कार्यालयात महालक्ष्मी सरस प्रदर्शनाची चौकशी करा, मुंबईचं गिऱ्हाईक तिथे समोरासमोर भेटतं.

किंमत लावताना बहुतेक जणी स्वतःची मजुरी धरतच नाहीत. शिवलेल्या नऊवारीचं उदाहरण घेऊ. साडी 900, इलास्टिक-हूक-नाडी 60, चार तास तासाला 80 प्रमाणे 320, धागा-वीज 20, पिशवी-बांधणी 30. झाले 1330. मशीनची झीज आणि बिघडलेला माल यासाठी दहा टक्के म्हणजे 133, वर वीस टक्के नफा. 1750 च्या आसपास येतं. गिऱ्हाईक म्हणेल, ‘ऑनलाइन 1200 ला मिळते.’ मिळतेच. ती एकाच मापात, हजारांच्या गठ्ठ्यात शिवलेली असते. तुम्ही मापाची, बसवून बघितलेली देताय, हे शांतपणे सांगा आणि भाव पाडू नका. पाडलात तर पुढच्या वेळी तीच बाई हजार म्हणेल.

आणि पावसाबद्दल

घाटावरच्या कुठल्याही मार्गदर्शकात हे सापडणार नाही. आपल्याकडे चार महिने कापडाला ओल धरते. ठाण भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर वर फळी ठेवा, महिन्यातून एकदा उघडून हवा द्या. सुती कापडाला बुरशीचे काळे ठिपके पडले की ते जात नाहीत. सुया आणि बॉबिन केस तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात, मशीनला काम संपल्यावर रोज तेल, आणि तेल दिल्यावर चिंधीवर चार टिपा मारून मगच गिऱ्हाइकाच्या कापडाला हात. किनाऱ्यापासून जवळ असाल तर खाऱ्या वाऱ्याने गंज लवकर चढतो. वीज जाणारच, म्हणून मोटर लावली तरी मशीनचा पायटा काढून टाकू नका.

पावसाळ्यात नवीन खाके कापा, सॅम्पल शिवा, फोटो काढून ठेवा, निफ्टच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे सगळं याच दिवसांत तहसीलला टाका. ऐन प्रवेशाच्या वेळी सेतूसमोरची रांग दाराबाहेर गेलेली असते. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी नवीन ऑर्डर बंद करा आणि तसा कागद दारावर लावा. तरीही मुंबईची वहिनी येईल, चार ब्लाउजपीस ठेवेल आणि म्हणेल, ‘आपलेच आहेत, कसेही शीव.’ तिचे अर्धे पैसे आगाऊ घ्या आणि तारीख चतुर्थीनंतरची द्या.